व्हिडिओ खेळांतील तालबद्ध नेमबाजी

व्हिडिओ खेळांचा एक संमिश्र प्रकार. पडद्यावरील शत्रूंवर नेम धरून त्यांना टिपणे ही नेमबाजीच्या खेळांची मूळ कृती आणि ठरावीक मात्रांत बांधलेले संगीत यांची या प्रकारात हेतुपुरस्सर सांगड घातलेली असते. बहुतेक सर्व व्हिडिओ खेळांना पार्श्वसंगीत असते. परंतु केवळ तेवढ्यावरून एखाद्या खेळाची गणना या प्रकारात होत नाही. सामान्य नेमबाजीचा खेळ पार्श्वसंगीत बंद केले, तरी पूर्वीप्रमाणेच खेळता येतो. तालबद्ध नेमबाजीतून मात्र संगीत काढून घेतल्यास खेळाचे प्रयोजनच उरत नाही. कारण झाडलेली गोळी, तिचा ध्वनी आणि चालू असलेली मात्रा यांचे परस्परनाते हाच तेथे खेळाचा गाभा असतो. या प्रकाराचा पाया मुख्यत्वे जपानमध्ये घातला गेला व पुढे यूरोप आणि उत्तर अमेरिकेतील निर्मात्यांनी त्याला निराळे वळण दिले.

नेमबाजी व ताल यांतील विरोध : नेमबाजी व वादन या दोहोंतही अचूक क्षण साधावयाचा असल्याने त्यांचा मेळ घालणे सोपे असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात दोहोंतील काळाची जाणीव परस्परविरोधी आहे. नेमबाजीच्या खेळात शत्रू अवचित समोर येतो व खेळाडूला त्यावर तत्काळ प्रतिक्रिया द्यावी लागते. डोळ्यांना दिसलेल्या संकेतावर बोटाची हालचाल होण्यास माणसाला सामान्यतः सु. एक-पंचमांश सेकंद लागतो. ताल धरणारा माणूस मात्र ठोक्यावर प्रतिक्रिया देत नसतो, तर ठोक्याची अपेक्षा करीत असतो. ठोका कानी पडल्यावरच टाळी द्यावयाची, असे त्याने ठरविल्यास प्रत्येक टाळी मागे पडेल. सम लय असलेल्या ठोक्यांबरोबर बोट आपटावयास सांगितले असता माणसाचे बोट पुष्कळदा ठोक्याच्या किंचित आधीच पडते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. मैफलीतील जाणकार श्रोता सम येण्यापूर्वीच मान हलविण्याच्या तयारीत असतो, त्यातलाच हा प्रकार होय. नेमबाजी हे अनपेक्षिताला दिलेले उत्तर आहे, तर ताल ही अपेक्षिताची पूर्तता आहे. एकाच बोटाने एकाच क्षणी ही दोन्ही कामे कशी करावयाची, हा या खेळांच्या निर्मात्यांपुढील मूळ प्रश्न असून त्याला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांतूनच या प्रकाराचा इतिहास घडलेला आहे.

पूर्वपीठिका : या प्रश्नाचे पहिले उत्तर काहीसे योगायोगाने मिळाले. जपानमधील ताइतो या कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो (१९४४– ) यांनी तयार केलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ १९७८ मध्ये सार्वजनिक खेळगृहांत आला. त्यात परग्रहावरील ५५ आक्रमक पाच रांगांत उभे असून ते पडद्यावर आडवे सरकत हळूहळू खाली उतरतात. त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर खर्जातील चार उतरते स्वर पुनःपुन्हा वाजतात. यंत्रातील मायक्रोप्रोसेसरची शक्ती मर्यादित असल्याने सर्व आक्रमकांची चित्रे हलविण्यास त्याला वेळ लागे. खेळाडूने त्यांतील काही टिपले, की उरलेल्यांची चित्रे अधिक जलद हलत. यंत्राची ही उणीव निशिकादो यांनी दुरुस्त न करता खेळाचे अंग म्हणून राखली. आक्रमकांची संख्या घटत जाईल, तसतशी त्या चार स्वरांची लयही वाढत जाते. भारतीय संगीतात विलंबित लयीकडून द्रुत लयीकडे जाणे गायक-वादकाच्या इच्छेवर असते. येथे लय वाढविणारा खेळाडूच असतो, परंतु ते त्याच्या इच्छेविरुद्ध घडते. प्रत्येक अचूक नेमाबरोबर तो स्वतःवरील संकट व संगीताची गती ही दोन्ही वाढवीत जातो.

अमेरिकेतील अटारी कंपनीच्या ‘ॲस्टेरॉइड्स’ (१९७९) या खेळातही आलटून पालटून वाजणारे दोन ठोके असून खेळातील ताण वाढेल तसे तेही जलद होतात. हृदयाच्या ठोक्यांशी असलेले त्यांचे साम्य सहज जाणवते. या दोन्ही खेळांत संगीत हे घटनांच्या मागून येते. खेळाडूने मात्रेकडे लक्ष दिले वा न दिले, तरी त्याच्या गोळीत फरक पडत नाही. तथापि नेमबाजीची कृती आणि संगीताची लय एका सूत्रात बांधता येते व तिचा परिणाम खेळाडूच्या मनावर होतो, हे त्यांवरून प्रथमच स्पष्ट झाले. पुढील काळात ध्वनिनिर्मितीचे स्वतंत्र विद्युत् मंडल व अधिक स्मृती उपलब्ध झाल्याने खेळांना पूर्ण लांबीच्या स्वररचना मिळाल्या. त्यायोगे संगीत समृद्ध झाले. परंतु गोळीबाराशी असलेला त्याचा प्रत्यक्ष संबंध मात्र बव्हंशी तुटला.

‘ओतोक्की’ : तुटलेला हा संबंध जाणीवपूर्वक जोडण्याचे श्रेय जपानी कलावंत तोशिओ इवाई (१९६२– ) यांच्याकडे जाते. ध्वनी व दृश्य यांच्या संयोगातून कलाकृती निर्माण करणे हा इवाई यांच्या आस्थेचा विषय. निंटेंडो कंपनीच्या घरगुती खेळयंत्राला जोडावयाच्या तबकडी-यंत्रासाठी त्यांनी रचलेला ‘ओतोक्की’ हा खेळ १९८७ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. जपानी भाषेत ‘ओतो’ म्हणजे ध्वनी. या खेळातील पात्र डावीकडून उजवीकडे उडत जाते व आठ दिशांपैकी कोणत्याही दिशेला एक चेंडू फेकू शकते. चेंडू पुन्हा त्याच्याकडे परत येतो. हेच त्याचे शस्त्र. प्रत्येक दिशेचा स्वर वेगळा असल्याने शत्रूंवर चेंडू फेकता फेकता खेळाडू नकळत एक स्वरावली वाजवीत जातो.

असे वादन बेताल होऊ नये, यासाठी इवाई यांनी योजिलेली युक्ती या प्रकाराच्या इतिहासात निर्णायक ठरली. खेळाडूने कळ केव्हाही दाबली, तरी यंत्र तिचा स्वर तत्क्षणी न वाजविता साथीच्या संगीतातील पुढील मात्रांशाशी जुळवून वाजविते. हा विलंब इतका अल्प असतो, की तो सहसा जाणवत नाही. मिनिटाला १२० मात्रांची लय धरल्यास एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. तिचे चार समान भाग केल्यास प्रत्येक भाग एक-अष्टमांश सेकंदाचा होतो. म्हणजे कोणत्याही स्वराला याहून अधिक काळ थांबावे लागत नाही. अशा रीतीने प्रतिक्रिया देण्याचे काम खेळाडूकडे व ताल सांभाळण्याचे काम यंत्राकडे अशी विभागणी झाली. ‘ओतोक्की’ जपानबाहेर विक्रीस आला नाही, त्यामुळे इतर देशांत तो फारसा माहीत झाला नाही. इवाई यांनी पुढे ‘इलेक्ट्रोप्लँक्टन’ (२००५) हा संगीतमय खेळ आणि यामाहा कंपनीच्या सहकार्याने ‘तेनोरी-ऑन’ (२००७) हे प्रकाशमान कळांचे वाद्य निर्माण केले. त्या दोहोंमागेही स्पर्शातून संगीत उपजविण्याची हीच कल्पना दिसून येते.

तालखेळांचा उदय : १९९६ मध्ये ‘पॅरॅप्पा द रॅपर’ व १९९७ मध्ये ‘बीटमेनिया’ या जपानी खेळांनी स्वतंत्र तालखेळांची परंपरा सुरू केली. त्यांत नेमबाजी नव्हती. पडद्यावरील खुणेप्रमाणे योग्य मात्रेवर कळ दाबणे एवढेच खेळाडूचे काम असे. चूक झाल्यास ती स्पष्ट ऐकू येई व गुण कमी होत. इवाई यांच्या खेळात यंत्र खेळाडूला सांभाळून घेई. येथे ते त्याची परीक्षा घेऊ लागले.

या दोन परंपरांच्या मधले स्थान सेगा कंपनीच्या ‘स्पेस चॅनल ५’ (१९९९) या खेळाला आहे. त्याचे निर्माते तेत्सुया मिझुगुची (१९६५– ) हे त्यापूर्वी मोटारशर्यतीच्या ‘सेगा रॅली’ या खेळामुळे ख्यातनाम झाले होते. ‘स्पेस चॅनल ५’ मधील उलाला ही वार्ताहर परग्रहवासीयांसमोर नृत्य करते. ते ज्या क्रमाने व ज्या लयीत हालचाली करतात, त्याच क्रमाने व लयीत तिने त्या परत करून दाखवावयाच्या असतात. एक कळ दाबली असता शत्रूवर किरण सुटतो, तर दुसरीने ओलिसांची सुटका होते. गायक-वादकांतील सवाल-जबाबासारखी ही रचना आहे. मात्र येथे गोळी ही नृत्यातील एक हालचाल एवढीच उरते. नेम धरण्याचा प्रश्न येत नाही. ताल सांभाळला गेला, परंतु नेमबाजी नाममात्र झाली.

‘रेझ’ : नेमबाजी पूर्णपणे राखूनही तिचे संगीतात रूपांतर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मिझुगुची यांच्याच ‘रेझ’ या खेळात झाला. सेगाच्या युनायटेड गेम आर्टिस्ट्स या शाखेने तयार केलेला हा खेळ ड्रीमकास्ट व प्लेस्टेशन २ या घरगुती खेळयंत्रांसाठी नोव्हेंबर २००१ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे रस्त्यावर भरणाऱ्या प्रचंड संगीतमेळाव्यात ध्वनी, प्रकाश व जनसमुदाय एकाच लयीत डोलताना पाहून मिझुगुची यांना या खेळाची प्रेरणा मिळाली. दुसरी प्रेरणा रशियन चित्रकार व्हासिली कँडिन्स्की (१८६६–१९४४) यांची. रंग व आकार यांना स्वरांप्रमाणे नाद असतो, अशी त्यांची धारणा होती आणि आपल्या अनेक चित्रांना त्यांनी संगीतातील संज्ञा शीर्षके म्हणून दिल्या होत्या. एका इंद्रियाच्या संवेदनेबरोबर दुसऱ्या इंद्रियाची संवेदना जागी होणे हे ‘रेझ’ चे घोषित उद्दिष्ट होते.

या खेळाचे कथानक त्रोटक आहे. एका विशाल संगणकजालाची नियंत्रक असलेली ईडन ही कृत्रिम बुद्धिमत्ता मूढावस्थेत गेलेली असून खेळाडू त्या जालात शिरून तिला जागे करतो. त्याचा मार्ग आधीच आखलेला असल्याने त्याला केवळ नेम धरावयाचा असतो. कळ दाबून धरली, की नेमखूण जास्तीत जास्त आठ लक्ष्यांवर खिळविता येते आणि कळ सोडताच तितके बाण सुटतात. लक्ष्य खिळणे, बाण सुटणे व लक्ष्य फुटणे यांपैकी प्रत्येक क्रियेला टाळी, झांज वा ढोल यांसारखा एकेक नाद दिलेला असून तो चालू संगीताच्या मात्रांशाशी जुळवूनच वाजतो. खेळाडू पुढे सरकेल तसतसे संगीतात नवे थर मिसळत जातात: प्रारंभी केवळ ठेका, मग खर्ज, मग सुरावट. केन इशीई, ॲडम फ्रीलँड, कोल्डकट इ. संगीतकारांच्या रचना त्यासाठी वापरल्या होत्या. नियंत्रकाची कंपनेही मात्रांबरोबर होत. जपानमध्ये तर केवळ तालावर कंप पावणारे एक स्वतंत्र उपकरणही या खेळाबरोबर मिळे.

आठ लक्ष्ये खिळविण्याच्या योजनेत ‘रेझ’ चे खरे वेगळेपण आहे. कळ दाबणे व सोडणे यांत अंतर पडल्याने खेळाडूला थांबण्यास अवसर मिळतो. तो लक्ष्ये गोळा करतो व ती कोणत्या मात्रेवर सोडावयाची, हे स्वतः ठरवितो. यंत्र त्याच्यावर तशी सक्ती करीत नाही; परंतु समेवर सुटलेल्या आठ बाणांचा नाद अधिक समाधान देतो, हे त्याला थोड्याच वेळात उमगते. प्रतिक्रियेकडून अपेक्षेकडे होणारे हे संक्रमण दंडाच्या भयाने नव्हे, तर ऐकण्यातील आनंदाने घडते. प्रथम प्रकाशनाच्या वेळी ‘रेझ’ ची विक्री बेताचीच झाली. मिझुगुची यांनी २००३ मध्ये सेगा कंपनी सोडली. तथापि या खेळाची कीर्ती वाढत गेली: २००८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि २०१६ मध्ये आभासी वास्तवाच्या शिरस्त्राणासाठी ‘रेझ इन्फिनिट’ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘एरिया एक्स’ या नव्या विभागात आखीव मार्गाचे बंधनही काढून टाकण्यात आले. याच परंपरेतील ‘चाइल्ड ऑफ ईडन’ (२०११) हा खेळ हातात कोणतेही उपकरण न धरता, केवळ हातवाऱ्यांनी खेळता येत असे.

श्रोत्याचे संगीत : खेळाडूच्या स्वतःच्या संग्रहातील ध्वनिमुद्रणांवर खेळ उभारण्याची कल्पना ‘बीट हॅझर्ड’ (२००९) या ब्रिटिश खेळात आढळते. त्यात संगणक निवडलेल्या गाण्याचे विश्लेषण करतो. गाणे जोरकस असेल तेथे यानाची शस्त्रे प्रखर होतात व शत्रूंचा माराही वाढतो, तर संथ भागात दोन्ही मंदावतात. येथे संगीत हे ताल शिकविणारे साधन नसून शस्त्राला शक्ती पुरविणारे इंधन ठरते. मात्र ध्वनीची तीव्रता व ठोके मोजणे संगणकाला जमले, तरी रचनेतील भाव त्याला कळत नाही. त्यामुळे या पद्धतीत संगीत व नेमबाजी यांचा संबंध ढोबळच राहतो.

तालाची सक्ती : २०१९ नंतरच्या काही खेळांनी मूळ प्रश्नाला अगदी उलट दिशेने उत्तर दिले. यंत्राने गोळी मात्रेशी जुळवून घ्यावयाची नाही, तर खेळाडूनेच मात्रेवर गोळी झाडावयाची, हे त्यांचे सूत्र होय. कॅनडातील क्लाउडहेड गेम्स या संस्थेचा ‘पिस्टल व्हिप’ (२०१९) हा आभासी वास्तवातील खेळ यात सौम्य म्हणावा लागेल. त्यात मात्रा चुकली तरी गोळी लागते, परंतु मात्रेवर झाडलेल्या गोळीला अधिक गुण मिळतात. शत्रूंच्या गोळ्या चुकविण्यासाठी खेळाडूला सर्वांगाने वाकावे लागत असल्याने खेळाला नृत्याचे रूप येते. ‘बीपीएम: बुलेट्स पर मिनिट’ (२०२०) या खेळात बंधन अधिक कडक आहे. गोळी झाडणे, उडी मारणे, बाजूला झेपावणे व बंदूक पुन्हा भरणे या सर्व क्रिया तालावरच कराव्या लागतात. बंदूक भरण्याच्या पायऱ्याही वेगवेगळ्या असून प्रत्येक पायरी तालात बसवावी लागते. प्रत्येक बंदुकीच्या पायऱ्या निराळ्या असल्याने प्रत्येक बंदूक हा जणू एक निराळा ठेकाच बनतो.

स्वीडनमधील स्टॉकहोम येथील द आउटसायडर्स या संस्थेने डेव्हिड गोल्डफार्ब यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केलेल्या ‘मेटल: हेलसिंगर’ (२०२२) या खेळात सक्ती व पारितोषिक यांचा मेळ घातलेला आहे. त्याची नायिका नरकातून मार्ग काढीत असते. तिचा आवाजच हिरावून घेतला गेला आहे. गोळ्या मात्रेवर पडत गेल्या, की गुणांचा गुणक वाढत वाढत १६ पर्यंत जातो व त्याबरोबर हेवी मेटल संगीताचे एकेक थर उघडत जातात. प्रत्यक्ष गायन केवळ सर्वोच्च पातळीवरच ऐकू येते. ताल सुटला, की गुणक घसरतो व गाणे विरळ होते. संगीताचे थर वाढविण्याची ही पद्धत ‘रेझ’ मध्येही होती. परंतु तेथे केवळ पुढे जाण्याने जे मिळत असे, ते येथे ताल राखूनच मिळवावे लागते. शत्रू अवचित आला, तरी त्याला उत्तर ठरलेल्या मात्रेवरच द्यावयाचे असल्याने खेळाडूला काही काळाने परिस्थितीचा अंदाज पुढील एक-दोन मात्रांच्या हिशेबाने बांधण्याची सवय लागते.

तांत्रिक अडचणी : सक्तीच्या तालात यंत्राची दिरंगाई ही मोठी अडचण ठरते. जुन्या ऋणकिरण नलिकेच्या दूरचित्रवाणी संचावर चित्र जवळजवळ तत्काळ उमटे. आधुनिक सपाट पडदे चित्रावर प्रक्रिया करण्यात काही काळ घेतात आणि बिनतारी कर्णध्वनिक्षेपकांत ध्वनी सेकंदाच्या एक-दशांशाहूनही अधिक मागे पडू शकतो. वर दिलेल्या लयीत हा विलंब जवळजवळ एका मात्रांशाएवढा होतो. म्हणजे खेळाडू तालात असूनही यंत्राच्या दृष्टीने बेताल ठरतो. म्हणून अशा खेळांत प्रारंभी खेळाडूकडून काही ठोक्यांवर कळ दाबून घेऊन त्याच्या संचातील विलंब मोजण्याची व तो हिशेबातून वजा करण्याची सोय असते. यंत्राने ताल सांभाळण्याच्या जुन्या पद्धतीत अचूक वेळेची परीक्षाच नसल्याने ही अडचण इतक्या तीव्रतेने जाणवत नाही.

मूल्यमापन : या प्रकारातील दोन्ही पद्धतींना काही किंमत मोजावी लागते. यंत्र ताल सांभाळते, तेव्हा कोणीही खेळाडू सुरेल ठरतो. परंतु त्याने खरोखर किती वाजविले व यंत्राने किती सावरले, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. खेळाडूने ताल सांभाळावयाचा असेल, तेव्हा साधलेली प्रत्येक मात्रा त्याची स्वतःची असते. परंतु ज्याचा कान तयार नाही, त्याला खेळाचे दार बंद होण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून ‘बीपीएम’ व ‘हेलसिंगर’ या दोन्ही खेळांत नेमखुणेच्या दोन्ही बाजूंनी मध्याकडे सरकणाऱ्या दृश्य खुणांनी मात्रा दर्शविली जाते. ज्यांना ऐकू येत नाही वा कमी ऐकू येते, अशा खेळाडूंच्या दृष्टीने या खुणा व नियंत्रकाची कंपने विशेष महत्त्वाची आहेत.

अधिक गंभीर प्रश्न आशयाचा आहे. ताल श्रमिकांचे सामूहिक काम हलके करतो, नर्तकाला उभारी देतो आणि सैनिकांचे संचलनही एका पावलावर आणतो. जी कृती तालात बसते, तिचा भार मनाला जाणवेनासा होतो. संहाराच्या कृतीला ताल दिला, तर त्या कृतीचे गांभीर्यही त्याच न्यायाने हलके होते, हा आक्षेप केवळ या खेळांपुरता मर्यादित नाही. तथापि येथे तो टाळता येत नाही. मिझुगुची यांच्या खेळांत लक्ष्ये बहुधा अमूर्त भौमितिक आकृतींच्या रूपात असतात आणि ‘चाइल्ड ऑफ ईडन’ मध्ये त्यांचा नाश न होता शुद्धीकरण होते, असे कथानकच मांडले आहे. म्हणजे गोळी हा जवळजवळ एक स्वरच उरतो. ‘पिस्टल व्हिप’ मध्ये समोर बंदूकधारी मानवाकृती असतात व ‘हेलसिंगर’ मध्ये राक्षस असतात. शत्रूला मानवी रूप जितके जवळचे, तितका ताल व हिंसा यांचा हा संयोग विचार करावयास लावणारा ठरतो.

या प्रकारातील खेळांची संख्या अद्यापि मोठी नाही. सर्वसामान्य नेमबाजीच्या खेळांवर मात्र त्याचा परिणाम दिसून येतो. ‘डूम’ या खेळाच्या २०१६ मधील आवृत्तीत मिक गॉर्डन यांचे संगीत लढाईच्या तीव्रतेप्रमाणे आपले घटक बदलत राहते. खेळाडूवर तालाची सक्ती नसली, तरी संगीताच्या ओघात खेळण्याची प्रवृत्ती त्यामुळे बळावते. स्वर व शस्त्र यांना एका सूत्रात ओवण्याची जी कल्पना १९७८ मध्ये यंत्राच्या अपुऱ्या शक्तीतून पुढे आली, ती अशा रीतीने या खेळप्रकाराच्या सीमा ओलांडून व्हिडिओ खेळांच्या सर्वसाधारण रचनेचा भाग बनली आहे.